सुताराची हत्यारे : किंमत आणि धार

सुतारकाम हा ग्रामजीवनाचा एक जुना आधार आहे. बारा बलुतेदारांमध्ये सुताराला मानाचे स्थान होते, याचे कारण उघड आहे. नांगरापासून पाळण्यापर्यंत आणि घराच्या तुळईपासून देवाच्या पालखीपर्यंत गावातील एकही कार्य त्याच्या हातावाचून पुरे होत नसे. गोव्यातील मेस्तांनी देवळांचे लाकडी रथ व मखरे घडवली, त्याचप्रमाणे चर्चमधील कोरीव वेद्याही घडवल्या. ही कामे आजही लोक थांबून पाहतात. परंतु ती कोणत्या हत्यारांनी केली गेली, याचा विचार क्वचितच होतो. ती हत्यारे बहुतांशी साधी होती : पोलादाची पाती, गावातल्याच लाकडाच्या मुठी आणि धार लावण्याचा एक दगड.

आज परिस्थिती बदलली आहे. कापणे, भोके पाडणे, पृष्ठभाग सपाट करणे ही जड कामे विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी बरीचशी आपल्याकडे घेतली आहेत. तरीही सांधा नेमका बसवणे, दरवाजा चौकटीत अचूक उतरवणे, कोरीव काम करणे आणि शेवटचा हात फिरवणे यांसाठी हातहत्यारांना पर्याय नाही. त्याच वेळी बाजारात हत्यारांचे अनेक प्रकार आले आहेत. एकीकडे अत्यंत स्वस्त, दिसण्यात चकचकीत पण पोलादात कच्ची अशी हत्यारे आहेत. तर दुसरीकडे पितळी किंवा काशाच्या अंगाची, शिसवी मुठींची, अनेक स्क्रू व चाक्या लावलेली देखणी आणि महाग हत्यारे आहेत. नव्याने धंद्यात पडणाऱ्या तरुणाला साहजिकच प्रश्न पडतो की, महाग हत्यार घेतल्याने काम खरोखर सुधारते काय?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत ज्या १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे, त्यांत सुतारकाम आहे. या योजनेखाली अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य ई-व्हाउचरच्या रूपाने मिळते. तसेच पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज ५ टक्के सवलतीच्या व्याजदराने मिळू शकते. पहिल्या टप्प्याच्या कर्जाची फेड १८ महिन्यांत करावयाची असते. अशा वेळी हाती आलेला पैसा कोणत्या हत्यारात घालावा, हा निर्णय त्या कुटुंबाच्या पुढील काही वर्षांच्या मिळकतीशी जोडलेला असतो. कर्जाऊ पैशांतून घेतलेले हत्यार पेटीत शोभेसाठी पडून राहिले, तरी हप्ता मात्र थांबत नाही.

किंमत कशाची असते?

कोणत्याही हातहत्याराच्या किमतीचे स्थूलमानाने चार भाग पाडता येतात. पहिला भाग पोलादाचा व त्याला दिलेल्या पाण्याचा. दुसरा भाग अचूकतेचा, म्हणजे तळ सपाट असणे, बाजू काटकोनात असणे, पाते आपल्या जागी घट्ट बसणे. तिसरा भाग हाताच्या सोयीचा, म्हणजे मूठ, वजन, तोल आणि पाते पुढेमागे सरकवण्याची रचना. चौथा भाग देखाव्याचा : झळाळी, नक्षी, दुर्मिळ लाकडाच्या मुठी, मखमली पेटी आणि कारखान्याचे नाव.

या चारही भागांचा विचार करताना सुताराने एकच प्रश्न विचारावा : या जादा पैशाचा परिणाम लाकडापर्यंत पोहोचतो काय? पोलादाचा परिणाम लाकडापर्यंत थेट पोहोचतो, कारण लाकडाला स्पर्श करणारी वस्तू तीच असते. अचूकतेचा परिणामही पोहोचतो. मात्र ती अचूकता पैसे देऊनच मिळवावी लागते असे नाही, स्वतःच्या श्रमानेही ती साधता येते. हाताच्या सोयीचा परिणाम काही अंशी पोहोचतो आणि तो माणसागणिक बदलतो. देखाव्याचा परिणाम लाकडापर्यंत मुळीच पोहोचत नाही. नाकापेक्षा मोती जड होतो तो येथेच.

रंध्याची कथा

वरील विधानाची पडताळणी करण्यासाठी रंध्याइतके चांगले उदाहरण नाही. जुना लाकडी रंधा म्हणजे एक ठोकळा, एक पाते आणि एक पाचर. पाते किती बाहेर काढावयाचे हे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ठरवले जाई. त्याला सवय लागत असे. परंतु एकदा हात बसला की काही क्षणांत काम होई.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बॉस्टन येथील लेनर्ड बेली या कारागिराने लोखंडी रंध्यात पाते वरखाली करणारी चाकी बसवली आणि तिचे हक्क नोंदवले. १८६९ मध्ये न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ली कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. आज जगभर दिसणारा लोखंडी रंधा त्याच घडणीचा आहे. येथे हत्यारात घातलेली कल्पकता उपयोगी ठरली, कारण तिने शिकाऊ माणसाचे काम सोपे केले आणि तिची किंमतही सर्वसामान्य कारागिराच्या आवाक्यात राहिली.

याच कंपनीने पुढे दुसराही प्रयोग केला. १८९७ मध्ये तिने ५५ क्रमांकाचा एक सर्वकामी रंधा बाजारात आणला. खाच पाडणे, कडा गोल करणे, नक्षीच्या पट्ट्या काढणे अशी नाना कामे एकाच हत्याराने करता यावीत म्हणून त्याला पन्नासहून अधिक निरनिराळी पाती, अनेक दांडे आणि सरकत्या पट्ट्या जोडल्या होत्या. घडणीच्या दृष्टीने तो एक चमत्कारच होता. परंतु प्रत्येक कामासाठी त्याची जुळवाजुळव करण्यात वेळ जाई. आणि जिथे खऱ्या गतीची गरज होती, तिथे नक्षीच्या पट्ट्या यंत्रावर निघू लागल्या होत्या. १९६२ च्या सुमारास त्याचे उत्पादन बंद झाले. आज हे रंधे कामाच्या ओट्यापेक्षा संग्राहकांच्या कपाटांत अधिक आढळतात. एका हत्याराने दहा कामे होतील या आशेने पैसा घालणाऱ्याने या रंध्याचे भवितव्य ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमध्ये याच सुमारास आणखी एक परंपरा वाढली. लंडनच्या नॉरिस या घराण्याने पोलादी अंगात शिसवासारखे लाकूड भरून जड आणि देखणे रंधे बनवले. जाड पाते, अरुंद तोंड आणि भरपूर वजन यांमुळे उलट्यासुलट्या रेषांचे लाकूडही ते न उखडता साफ करतात, अशी त्यांची ख्याती होती. ती खोटी नव्हती. परंतु तोच परिणाम फार कमी खर्चात साधता येतो, हे पुढे जपानमधील यामागाता विद्यापीठातील काटो व कावाई या संशोधकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. पाते लाकडातून जात असता ढलपी कशी वळते, याचे त्यांनी अगदी जवळून चित्रण केले. पात्याच्या पाठीवर बसवलेली लोखंडी पट्टी, जिला येथे सोयीसाठी पाठपट्टी म्हणू, धारेपासून एक ते तीन दशांश मिलिमीटर इतकी जवळ आणली आणि तिची पुढची कड उभी घासली, तर ढलपी लगेच मोडून वर वळते व तिच्याबरोबर लाकडाचे तंतू उखडले जात नाहीत, असे त्यांत दिसले. अशी दुहेरी पात्याची रचना युरोपात अठराव्या शतकापासूनच प्रचारात होती आणि साध्या लोखंडी रंध्यातही ती असतेच. फक्त ती नीट बसवणारा हात हवा.

यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. महाग रंधा जे वजनाने आणि जाडीने साधतो, ते साधा रंधा जुळवणीच्या ज्ञानाने साधतो. ज्ञान नसेल तर महाग रंधाही फणसाच्या किंवा किंजळीच्या उलट्या रेषांवर लाकूड उखडल्याशिवाय राहणार नाही.

पैसा पोलादात, देखावा शून्य

जपानी रंध्याचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे अंग म्हणजे ओकच्या लाकडाचा साधा ठोकळा. त्याला चाकी नाही, मूठही नाही. परंतु त्याचे पाते मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर तापवून व ठोकून जोडलेले असते. कठीण थर धार टिकवतो, आणि मऊ थरामुळे पाते दगडावर लवकर घासले जाते. तोक्योचा लोहार चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) याची पाती आजही अमूल्य मानली जातात. तेथे पैसा दिला जातो तो धारेचा.

आपल्याकडील लाकडांचा विचार केला, तर पोलादाचे महत्त्व अधिकच वाढते. सागवान तेलकट व कापण्यास सुखद असले, तरी त्यात वाळूचाच घटक असलेली सिलिका सूक्ष्म प्रमाणात असते. त्यामुळे सागवानावर धार लवकर बोथट होते. कच्च्या पोलादाची पटाशी सागाच्या चौकटीत चार भोके पाडेपर्यंतच मान टाकते. सुतार पुन्हा दगडाकडे वळतो, वेळ जातो, आणि कंटाळून तो बोथट हत्यारानेच काम रेटू लागतो. हात घसरून जखमा होतात त्या बहुधा अशाच वेळी. कारण बोथट हत्यार अधिक जोर मागते आणि जोराने चाललेले हत्यार आवरत नाही.

मात्र पोलाद जितके महाग तितके चांगले, असाही नियम नाही. साधे उच्च कार्बन पोलाद, ज्यात सुमारे एक टक्का कार्बन असतो, लवकर घासले जाते आणि त्याला अतिशय बारीक धार येते. क्रोमियम मिसळलेली नवी पोलादे धार अधिक काळ टिकवतात. पण ती घासण्यास वेळ व बहुधा हिऱ्याच्या कणांची पाटी लागते. ज्याच्याजवळ केवळ कुरुंदाचा दगड आहे, त्याने असे पोलाद घेतले तर धार एकदा गेल्यावर ती परत आणणे त्याला जड जाईल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी त्याची गत होते. हत्यार घेताना ते धारेवर आणण्याचे साधन आपल्याकडे आहे काय, हे आधी पाहावे.

दोन हिशेब

आकड्यांनी हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पुढील रकमा केवळ उदाहरणासाठी गृहीत धरल्या आहेत.

समजा, सुताराची दिवसाची मिळकत १,००० रुपये असून तो आठ तास काम करतो. म्हणजे एका तासाचे मोल १२५ रुपये झाले. एक पटाशी २०० रुपयांची आहे आणि दुसरी ७०० रुपयांची. स्वस्त पटाशीचे पोलाद कच्चे असल्याने तिला धार लावण्यात रोज २० मिनिटे जास्त जातात. या २० मिनिटांचे मोल सुमारे ४२ रुपये. किमतीतील ५०० रुपयांचा फरक १२ दिवसांत भरून निघतो. त्यानंतर चांगली पटाशी सुताराला रोज कमावून देते.

आता दुसरा हिशेब. साधा रंधा २,००० रुपयांचा व परदेशी देखणा रंधा ३०,००० रुपयांचा आहे असे धरू. साधा रंधा जुळवून घेण्यास दोन दिवस लागतील, म्हणजे २,००० रुपयांची मजुरी. तरीही २६,००० रुपयांचा फरक उरतो. महाग रंध्याने रोज १० मिनिटे वाचतात असे उदारपणे मानले, तर त्यांचे मोल सुमारे २१ रुपये. हा फरक भरून निघण्यास १,२०० हून अधिक कामाचे दिवस, म्हणजे वर्षाला ३०० दिवस धरले तरी चार वर्षांहून अधिक काळ लागेल. दरम्यान कर्जाची मुदत संपून गेलेली असेल.

दोन्ही हिशेबांत महाग वस्तूच विचारात घेतली आहे. पहिल्यात जादा पैसा धारेत गेला, म्हणून तो पंधरवड्याच्या आत परतला. दुसऱ्यात तो सोयीत आणि देखाव्यात गेला, म्हणून तो वर्षानुवर्षे अडकला.

महाग हत्यार केव्हा योग्य?

तरीही महाग हत्यारांना सरसकट नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. अमेरिकेतील मेन राज्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या ली-नील्सन यांच्यासारख्या छोट्या कारखान्यांनी जुन्या घडणीचे रंधे उत्तम धातूत पुन्हा बनवले. अशी हत्यारे पेटीतून काढून थोडी धार दिली की कामाला लागतात. ज्या माणसाने कधी चांगले जुळवलेले हत्यार हातात धरलेलेच नाही, त्याला धारदार आणि अचूक हत्यार म्हणजे काय हे अशा एका हत्याराने कळते. हौसेने सुतारकाम करणारा, ज्याला शिकवणारा कोणी नाही आणि ज्याचे पोट या कामावर अवलंबून नाही, त्याने ते घेतले तर त्यात वावगे काही नाही.

कारागिरासाठीही काही प्रसंगी महाग हत्यार योग्य ठरते. एखादे विशिष्ट काम त्याच्याकडे सतत येत असेल, उदाहरणार्थ वाद्ये बनवणे किंवा बारीक कोरीव काम, आणि त्या कामासाठी लागणारे हत्यार साध्या दर्जात मिळतच नसेल, तर ते अवश्य घ्यावे. कोकण व गोव्याच्या दमट हवेत काशाच्या अंगाला तांबडा गंज चढत नाही, हाही एक खरा लाभ आहे. मात्र पाते पोलादाचेच असल्याने त्याची निगा टळत नाही. पावसाळ्यात प्रत्येक हत्यार काम संपताच पुसून त्यावर यंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरवावा, हा उपाय काशाच्या अंगापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

वजनाचाही विचार हवा. परदेशी लोखंडी रंधे उभ्याने, उंच ओट्यावर काम करणाऱ्यासाठी घडवलेले असतात. जो सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करतो, त्याला जड रंधा दिवसभर ओढणे त्रासाचे होते. त्याच्या अंगवळणी पडलेला हलका लाकडी रंधा त्याच्यासाठी अधिक सोयीचा असतो. फक्त त्यात चांगले पाते हवे.

घेताना काय तपासावे?

दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण हत्यारांच्या दुकानात पदोपदी आठवावी. पुढील परीक्षा कोणासही करता येतील.

गुण्या : सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारावी. मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकच झाल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी चूक गुण्यात आहे. ही परीक्षा न करता घेतलेला गुण्या पुढच्या प्रत्येक सांध्यात चूक पेरतो.

पटाशी : पाते आणि मूठ एका रेषेत आहेत काय, हे डोळ्यासमोर धरून पाहावे. धारेपासून दूर, पात्याच्या एका कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच चालवावी. कानस घसरली तर पोलादाला पाणी ठीक दिले आहे. ती सहज खात असेल तर पोलाद मऊ आहे. पात्याची पाठ फार फुगीर किंवा फार खोल असू नये. ती धारेजवळ बोटभर सपाट करता आली म्हणजे पुरे.

करवत : पाते किंचित वाकवून सोडावे, ते पूर्ववत सरळ झाले पाहिजे. दात्यांची टोके काळी-निळी दिसत असतील तर ती विजेने कडक केलेली असतात. अशी करवत बराच काळ टिकते, पण तिला कानशीने धार लावता येत नाही. बोथट झाल्यावर ती टाकूनच द्यावी लागते. वारंवार काम असणाऱ्याने निदान एक तरी धार लावता येण्यासारखी करवत ठेवावी.

रंधा : तळाचे पुढचे टोक, तोंडाची कड आणि मागचे टोक ही तिन्ही एका पातळीत असावीत. मधला भाग किंचित खोल असला तरी बिघडत नाही. थोडा दोष असेल तर जाड काचेवर खरखरीत पॉलिशकागद पसरून त्यावर तळ घासावा. पाते आपल्या बैठकीवर डुगडुगत असेल, तर मात्र तो रंधा परत करावा.

जुनी हत्यारे : काम सोडलेल्या कारागिरांच्या घरी चांगल्या पोलादाची जुनी हत्यारे पडून असतात. वरवरच्या गंजाला भिऊ नये. तो घासून निघतो. धारेजवळ खोल खड्डे पडले असतील, किंवा घासून घासून पाते आखूड झाले असेल, तर ती घेऊ नयेत. ग्राइंडरवर तापून निळ्या पडलेल्या पात्याचे पाणी उतरलेले असते, हेही पाहावे.

पैशांची वाटणी

समजा, हातहत्यारांसाठी १५,००० रुपये हाताशी आहेत. त्यांची वाटणी अशी करता येईल. पटाश्या, रंधा, करवती ही कापणारी हत्यारे ६,००० रुपयांत घ्यावीत. पटाश्या चारच, म्हणजे ६, १२, १८ व २५ मिलिमीटरच्या, पण चांगल्या पोलादाच्या. धार लावण्याच्या साधनांसाठी २,५०० रुपये ठेवावेत. गुण्या, मोजपट्टी व रेघ मारण्याची साधने यांसाठी १,५०० रुपये, आणि लाकूड धरणारे शिकंजे यांसाठी ३,००० रुपये. उरलेले २,००० रुपये शिल्लक ठेवावेत; कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या कामातच आपल्याला खरोखर काय कमी पडते, हे कळते.

या वाटणीत धारेच्या साधनांना दिलेली रक्कम अनेकांना जास्त वाटेल. परंतु बहुतेक तरुण कारागीर हत्यारात पैसा घालतात आणि दगडात कसर करतात, तिथेच त्यांचे चुकते. एक खरखरीत व एक बारीक दगड किंवा पाटी, आणि शेवटी चामड्याचा तुकडा, इतके साहित्य पुरेसे होते. नाजूक तासकामाच्या पटाशीला सुमारे २५ अंशांचा व ठोकून भोक पाडण्याच्या पटाशीला सुमारे ३० अंशांचा उतार ठेवावा. खरखरीत दगडावर घासताना धारेच्या मागील बाजूस लोखंडाची बारीक कोर उलटलेली बोटाला जाणवली, की बारीक दगडावर जावे. ती कोर निघेपर्यंत थांबू नये. मग हातावरील केस तासून किंवा लाकडाच्या आडव्या टोकावर पातळ पापुद्रा काढून धारेची परीक्षा घ्यावी. मऊ लाकडाचे आडवे टोक न चुरडता कापले गेले, तर त्या धारेत उणीव नाही.

मूठ आपल्या हाताची असावी. बाभळीच्या वाळलेल्या लाकडाची, स्वतःच्या पंजाच्या मापाने तासलेली आणि जवसाचे तेल पाजलेली मूठ दुकानातील शिसवी मुठीपेक्षा हाताला अधिक मानवते आणि तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शिवाय आपली मूठ आपण घडवणे हाच नवशिक्याचा एक चांगला पाठ आहे.

शाळा आणि कार्यालये यांच्यासाठी

स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांसाठी हस्तकामाची जी शिक्षणपद्धती रूढ केली, तिच्यात मुलाच्या हातात प्रथम दिला जाई तो एक साधा चाकू. चाकूने लाकडाच्या रेषा कळल्या की मग रंधा आणि करवत येई. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या बुनियादी शिक्षणाच्या योजनेतही सुतारकामाला स्थान होते. दोन्ही ठिकाणी भर हातावर होता, हत्यारांच्या संख्येवर नव्हता. ज्या शिक्षकांना शाळेसाठी हत्यारे घ्यावयाची असतील, त्यांनी चाळीस कच्ची हत्यारे घेण्यापेक्षा दहा चांगली हत्यारे घेऊन गट पाडावेत. मुलांच्या लहान हाताला पेलणारी हत्यारे निवडावीत. पहिला पाठ धार लावण्याचा ठेवावा. कच्च्या हत्याराने लाकूड फाटले की मूल स्वतःलाच दोष देते. “आपल्याला जमत नाही” असा ग्रह एकदा बसला म्हणजे तो सहसा जात नाही.

ज्या अधिकाऱ्यांकडे हत्यारांची खरेदी किंवा पडताळणी असते, त्यांची जबाबदारीही मोठी आहे. केवळ सर्वांत कमी किंमत पाहून घेतलेला संच लाभार्थ्याच्या घरी कोपऱ्यात पडून राहिला, तर वाचलेला पैसा वाचला असे म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे चकचकीत पेटीत भरलेल्या तीस नगांच्या संचावरही भुलू नये. मागणीपत्रात नगांच्या संख्येबरोबर पोलादाचा प्रकार, त्याची कठीणता आणि मापे नमूद करावीत. संच स्वीकारण्यापूर्वी त्यांतील एक नमुना गावातल्या जाणत्या सुताराकडून सागाच्या फळीवर चालवून पाहावा. ही परीक्षा अर्ध्या तासात होते आणि ती कागदावरील कोणत्याही शिक्क्यापेक्षा अधिक सांगते.

समारोप

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण सुतारालाही लागू आहे; पण ती अर्धेच सत्य सांगते. अंगण खरोखरच वाकडे असेल, म्हणजे पोलाद कच्चे आणि गुण्या खोटा असेल, तर चांगला नाचणाराही अडखळेल. म्हणून हत्यार इतके हलके असू नये की त्याने कारागिराला फसवावे. आणि इतके महागही असू नये की, त्याला ओरखडा पडेल या भीतीने ते पेटीतून बाहेरच निघू नये. ज्याची धार टिकते, जे खरे आहे आणि जे आपण स्वतः दुरुस्त करू शकतो, ते हत्यार योग्य किमतीचे होय. त्यापलीकडील पैसा चांगले लाकूड, चांगला दगड आणि जाणत्या मेस्ताच्या हाताखाली काढलेले काही महिने यांत घालावा. हा खर्च सुताराच्या मिळकतीत पुढे कित्येक वर्षे दिसत राहतो.